सराटा, आस्कंद आणि रक्ताचा रिपोर्ट

पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव हे कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचं बाजाराचं गाव. नगरहून करंजी घाट ओलांडला की लागतं. जवळच मढीला कानिफनाथांची समाधी, डोंगरात वृद्धेश्वर, पलीकडे मोहटादेवी. देवदर्शनाला येणाऱ्या माणसाला इथं जडीबुटीचं अप्रूप नाही. पडीक रानात सराटे पसरलेले असतात, बांधावर ढोरगुंज, म्हणजेच आस्कंद, उगवते. हेच सराटे ‘गोखरू’ आणि हीच ढोरगुंज ‘अश्वगंधा’ होऊन आता बाटलीत भरून येतात. बाटलीवर ताकद वाढते, थायरॉइड आटोक्यात येतो, पाळी नियमित होते, टेस्टोस्टेरॉन चढतं असं छापलेलं असतं.

या वनस्पती शरीरातल्या हार्मोनवर खरंच परिणाम करतात का, आणि करत असतील तर त्या बिनधास्त घ्यायच्या का, या प्रश्नावर गावोगाव दोन मतं आहेत. ती मी इथं दोघांच्या तोंडी घातली आहेत. मामांचं तिसगावात काष्ठौषधीचं दुकान. भाची नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दोघंही कल्पित, पण दोघांचं म्हणणं आपल्या घराघरांत ऐकू येणारं आहे.

मामा : तुम्ही शिकलेली पोरं आमच्या डब्यांकडं बघून नाकं मुरडता. बाळंतिणीला शतावरी, अळीव, डिंक आणि मेथीचे लाडू कुणी शिकवले? कुठल्या लॅबनं? आमच्या आजीच्या आजीपासून चालत आलंय. त्यानं वाईट झालं असतं तर लोकांनी कधीच सोडून दिलं असतं.

भाची : मामा, लाडवावर माझा आक्षेप नाही. लाडू हा आहार आहे. मी बोलतेय ते कॅप्सूलबद्दल. लॅबमध्ये रोज सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं येतात. ‘कुठलं औषध चालू आहे?’ असं विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात. जरा खोदून विचारलं की मग निघतं, अश्वगंधाच्या गोळ्या, केसांच्या गोळ्या, जिममध्ये दिलेली पावडर. त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

मामा : नाहीच मुळी. झाडपाल्याला औषध म्हणून कुणी घाबरायचं?

भाची : इथंच आपलं जुळत नाही. तुम्ही एका दमात दोन गोष्टी सांगता. आस्कंदानं थायरॉइड सुधारतो असंही म्हणता आणि आस्कंदानं काहीच धोका नाही असंही म्हणता. जी वस्तू थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, ती ज्याचं आधीच वाढलेलं आहे त्याला त्रास देणारच.

मामा : म्हणजे आस्कंदाचा गुण तू मानतेस तर.

भाची : मानते, कारण मोजलेलं आहे. हैदराबादच्या एका अभ्यासात 2012 साली ताणतणावाच्या 64 जणांना घेतलं. निम्म्यांना मुळाचा अर्क, 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 60 दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सरासरी 28 टक्क्यांच्या आसपास उतरलं. 2018 मध्ये थायरॉइड किंचित मंद असलेल्या 50 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. त्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, खाली आला; टी-3 आणि टी-4 ही थायरॉइडची हार्मोनं वर गेली. चाचण्या लहान आहेत, पण वनस्पतीचा परिणाम होतो हे त्यांत दिसतं.

मामा : मग झालं की! आम्ही दुसरं काय सांगतो?

भाची : अर्धंच सांगता. समजा एक बाई थायरॉक्सिनची गोळी रोज घेते. डॉक्टरांनी तिचा डोस महिनोन्‌महिने बघून बसवलाय. तिनं वर आस्कंद सुरू केलं. छाती धडधडायला लागली, वजन उतरलं, झोप उडाली. टीएसएच केला तर तळाला. डॉक्टरांना आस्कंद माहीतच नाही, म्हणून ते थायरॉक्सिन कमी करतात. पुढं ती आस्कंद बंद करते आणि परत उलटं चक्र सुरू होतं. पिट्युटरी ग्रंथीचं काम पाटकऱ्यासारखं असतं, मामा. शेतात पाणी किती पोचलंय हे बघून तो दार उघडतो आणि लावतो. बाहेरून कुणी गुपचूप पाणी सोडलं की त्याचा सगळा हिशेब चुकतो.

मामा : बरं, हे पटलं. पण हे कॅप्सूलचं सांगतेस तू. आमच्या शास्त्रात कुणालाही सरसकट आस्कंद देत नाहीत. प्रकृती बघायची, अग्नी बघायचा, ऋतू बघायचा. दुधातून द्यायचं की तुपातून तेही ठरलेलं असतं. आणि मूळ वापरायचं, पाला नाही. आता कंपन्या काय करतात? अर्क काढतात, आटवतात, पाचपट-दहापट तीव्र करतात आणि वर लिहितात ‘पाच हजार वर्षांची परंपरा’. परंपरेत असा अर्क कुठं होता? डेन्मार्कनं अश्वगंधेवर बंदी घातली म्हणून परवा एक जण मला ऐकवत होता. त्याला म्हटलं, आधी त्यांनी काय तपासलं ते विचार.

भाची : डेन्मार्कनं 2023 मध्ये बंदी घातली. तिथल्या तांत्रिक विद्यापीठानं 2020 साली अहवाल दिला होता. थायरॉइड आणि लैंगिक हार्मोनवर परिणाम होण्याची शक्यता आणि गर्भारपणातला धोका हे त्यांचे मुद्दे होते. त्या अहवालावर आपल्याकडच्या लोकांनी टीका केली, ती सगळीच चुकीची नव्हती. पण तुमच्या पाल्याच्या मुद्द्याला आपल्याच सरकारचा आधार आहे. आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये उत्पादकांना बजावलं की अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा. आणि आस्कंद घेतल्यावर काविळीसारखा यकृताचा त्रास झालेले रुग्ण आइसलँडपासून भारतापर्यंत नोंदले गेलेत. थोडे आहेत, पण आहेत.

मामा : पाल्याची भेसळ मी डोळ्यांनी ओळखतो. नीमचच्या मंडीतून येणारं मूळ मोडलं की आतून पांढरं आणि पिठूळ असतं, घोड्यासारखा उग्र वास येतो. कॅप्सूलमधली पूड बघून मी तरी काय ओळखणार?

भाची : मग ती कॅप्सूल तुमच्या दुकानात का आहे?

मामा : गिऱ्हाईक मागतं, बाई. टीव्हीवर बघून येतं. मी नाही ठेवली तर शेजारचा ठेवेल.

भाची : एवढं उत्तर पुरेसं नाही, मामा. लोक कंपनीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवून घेतात.

मामा : बोललीस ते खरं आहे. पण आता गोखरूचं सांग. या सराट्यानं ताकद येते हे तरी तुझ्या लॅबला मान्य आहे का?

त्यांनी तळहातावर वाळलेला सराटा ठेवला. फळाच्या पाच फाका, प्रत्येकीला दोन लांब काटे आणि दोन आखूड. मेंढरांच्या खुरांत आणि सायकलच्या टायरमध्ये घुसणारा हा काटा रानात कुणाला नको असतो. शहरातल्या जिममध्ये हाच ‘ट्रिब्युलस’ नावानं महागात विकला जातो.

भाची : टेस्टोस्टेरॉन वाढतं असं छापतात. 2005 साली बल्गेरियातल्या संशोधकांनी 21 निरोगी तरुणांवर चार आठवडे तपासून पाहिलं. टेस्टोस्टेरॉन हललं नाही. व्यायाम करणाऱ्यांवरच्या इतर चाचण्यांतही हेच दिसलं. उंदरात दिसलेला परिणाम माणसात उतरला नाही. तरी बाटल्या खपतात.

मामा : पण आमच्याकडं गोखरू देतात ते लघवीच्या त्रासासाठी. गोक्षुरादि गुग्गुळ त्यासाठीच आहे. ‘टेस्टोस्टेरॉन’ हा शब्द आमच्या ग्रंथात नाहीच. जी गोष्ट आम्ही कधी बोललोच नाही, ती आमच्या नावावर खपवतात आणि खोटी ठरली की बदनाम आयुर्वेद होतो!

भाची : हा तुमचा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करते. आणखी एक वाईट गोष्ट सांगते. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या काही ताकदीच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं ॲलोपॅथीचं औषध, कालवलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडलंय. आपल्याकडं सांधेदुखीच्या आणि दम्याच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. माणसाला दोन दिवसांत बरं वाटतं. मग चेहरा सुजतो, पोट सुटतं, साखर वाढते. शरीराबाहेरून स्टेरॉइड येतंय म्हटल्यावर किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. म्हणून अशा माणसाला ‘उद्यापासून बंद कर’ असंही सांगायचं नसतं. त्याला डॉक्टरकडं न्यायचं, पुडी सोबत घेऊन.

मामा : त्या पुड्या देणारे वैद्य नव्हेत. बिननावाची पुडी मी माझ्या दुकानात ठेवत नाही. पण तू मला एक सांग. लोक त्या पुडीकडं जातात का? दवाखान्यात त्यांचं ऐकून घेतलं जात नाही म्हणून. आपल्या तालुक्यातून दरवर्षी हजारो बाया कोयत्याबरोबर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापणार. पाळीचा त्रास घेऊन दवाखान्यात गेली की तिला सांगतात, पिशवी काढून टाक. पस्तिशी गाठली नाही तोवर पिशवी गेलेली. मग अंगातून वाफा, झोप नाही, कंबर धरलेली. ती माझ्याकडं येते आणि म्हणते, ‘काहीतरी द्या.’ मी शतावरी देतो. तुझं शास्त्र तेव्हा कुठं होतं?

भाची : या प्रश्नाला माझ्याकडं बचाव नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली. ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायकांपैकी 13,861 बायकांची गर्भाशयं काढलेली होती. हे आधुनिक वैद्यकाच्या नावाखालीच झालं. पण मामा, त्या बाईला शतावरी पुरी पडत नाही हेही तितकंच खरं आहे.

मामा : का नाही पडत? शतावरीत बाईच्या हार्मोनसारखे गुण आहेत असं तुमच्याच पुस्तकात छापतात.

भाची : शतावरीत सॅपोनिन नावाची द्रव्यं आहेत. त्यांची घडण स्टेरॉइडच्या घडणीशी मिळतीजुळती असते, पण त्यामुळं शरीरात त्यांचं इस्ट्रोजेन होत नाही. याचा मोठा दाखला आहे. 1940 च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं. गर्भनिरोधक गोळीचा पाया तिथं घातला गेला. तेच डायोस्जेनिन आपल्या मेथीच्या दाण्यातही असतं. पण मार्करला प्रयोगशाळेत एकामागून एक रासायनिक क्रिया कराव्या लागल्या. त्या करणारी यंत्रणा माणसाच्या शरीरात नाही. कंद किंवा मेथी कितीही खाल्ली तरी प्रोजेस्टेरॉन बनत नाही.

मामा : मग त्या बाईनं काय करायचं?

भाची : आधी तिचं डिस्चार्ज कार्ड बघायचं. फक्त पिशवी काढली की बीजकोशही काढले? बीजकोश गेले असतील तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं. राहिले असले तरी ते लवकर थकू शकतात. वाफा येतात तो त्रास डोळ्यांना दिसतो, हाडं ठिसूळ होतात ती दिसत नाहीत, हृदयविकाराचा धोका वाढतो तोही दिसत नाही. अशा कमी वयाच्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी एरवी गेली असती त्या वयापर्यंत हार्मोनचे उपचार देता येतात. तिला तुमच्याकडून शतावरी घेऊन बरं वाटलं आणि ती घरी बसली, तर ती वर्षं वाया जातात. ज्या बाईवर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत तिनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शतावरीला हात लावू नये.

मामा : म्हणजे शतावरी बाळंतिणीलाही देऊ नको?

भाची : तसं नाही. तिथं पुरावा दोन्हीकडं झुकतो. 1996 साली आपल्याच देशात शतावरी असलेलं औषध दूध कमी असलेल्या आयांना देऊन पाहिलं. दूध उतरवणारं प्रोलॅक्टिन वाढलं नाही. 2011 च्या दुसऱ्या भारतीय चाचणीत वाढलं. मी म्हणेन, द्यायची तर द्या, पण बाळाला वारंवार पाजणं हा पहिला उपाय आहे हेही सांगा. आणि डब्यावरचा घटकांचा तक्ता वाचा. शतावरी कल्पात वजनाचा बराच भाग साखरेचाच असतो. पीसीओडी असलेली मुलगी पाळी नियमित व्हावी म्हणून रोज दोन वेळा तो कल्प दुधातून घेते, आणि तिच्या आजारात इन्सुलिनची अडचण मुळाशी असते.

मामा : हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण सारखं ‘पुरावा, पुरावा’ करतेस, तर झाडपाल्याचा पुरावा शोधायला तुमची मंडळी कधी बसली?

भाची : बसली, आणि मुंबईतच बसली. खाजकुयलीचं बी, तुमचं कवचबीज. त्यात एल-डोपा आहे हे भारतीय संशोधकांनी 1937 मध्येच दाखवलं. 1978 साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी ते कंपवाताच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष छापले. त्याच वर्षी डॉ. रमा वैद्य आणि सहकाऱ्यांनी त्याचा प्रोलॅक्टिनवरचा परिणाम तपासला. मानसिक आजारावरच्या क्लोरप्रोमाझिननं प्रोलॅक्टिन वाढतं, ते कवचबीजानं आटोक्यात येतं असं त्यांना दिसलं. कारणही समजण्यासारखं आहे. एल-डोपाचं डोपामिन होतं आणि डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबून धरतं. ग्रंथातला गुण घ्यायचा, रुग्णात मोजायचा, कारण शोधायचं. हा रस्ता मला मान्य आहे.

मामा : मग कवचबीज तरी बिनधास्त विकू?

भाची : ते तर सगळ्यात जपून! ज्याची कंपवाताची गोळी चालू आहे त्याला तेच द्रव्य दुप्पट मिळेल. मानसिक आजाराच्या औषधांशी त्याचं भांडण होऊ शकतं. आणि बाळंतिणीला प्रोलॅक्टिन वाढवायचं असतं, तिला ताकदीसाठी म्हणून ते दिलं तर उलटंच. जितका गुण खरा, तितकी काळजी जास्त.

मामा : ज्येष्ठमधाचंही असंच म्हणशील. घशाला रोज चघळतात लोक.

भाची : घसा धरला म्हणून दोन-चार दिवस काडी चघळणं निराळं आणि महिनोन्‌महिने काढा पिणं निराळं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन किडनीतल्या एका एन्झाइमला अडवतं. मग कॉर्टिसॉल तिथं मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इटलीत 1999 साली 7 निरोगी पुरुषांना ज्येष्ठमध दिलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन बरंच उतरलं. पुढच्या चाचण्यांत घट एवढी दिसली नाही. रक्तदाबाचा मुद्दा मात्र पक्का आहे. रोजचं ग्लिसिरायझिन 100 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा इशारा युरोपात दिला जातो.

मामा : सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. रिपोर्ट म्हणजे माणूस नव्हे. टीएसएच जागेवर असतो आणि बाई रडत असते. तुम्ही कागद बघून ‘नॉर्मल’ म्हणता. नाडी धरून, जीभ बघून, झोप विचारून बसणारा वैद्य तिला माणूस म्हणून भेटतो.

भाची : आणि मी हे सोडणार नाही, मामा, की हार्मोन अंदाजानं कळत नाही. थकवा थायरॉइडचा असतो, रक्त कमी असल्याचा असतो, दुःखाचाही असतो. आणि रिपोर्टही फसतो. केसांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. त्यामुळं काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त येतो. निरोगी माणूस थायरॉइडचा रुग्ण ठरतो. माणूस बोलला नाही तर माझं यंत्र चुकतं. म्हणजे बोलणं तुम्हाला लागतं तेवढंच मलाही लागतं.

मामा : मग उद्यापासून दुकानात काय बदलू, ते सांग.

भाची : कॅप्सूल देण्याआधी तीन गोष्टी विचारा : दुसरी कुठली गोळी चालू आहे का, पोटात बाळ आहे का किंवा पाजती आहे का, काविळीचा इतिहास आहे का. यांतलं एकही ‘हो’ आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि डब्यावरचा परवाना बघा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना आणि बॅच नंबर असतो. ज्याच्यावर फक्त अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर आहे ती वस्तू खाद्य म्हणून विकली जाते. तिला आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही.

मामा : आणि तुम्ही लॅबच्या फॉर्मवर ‘जडीबुटी, काढा, पावडर काय घेता’ अशी ओळ छापा. रागावून नाही, आपुलकीनं विचारा. तुम्ही तुच्छतेनं विचारता म्हणून माणूस लपवतो.

इथपर्यंत दोघं आले. मामांनी परंपरा सोडली नाही, भाचीनं मोजमाप सोडलं नाही, आणि दोघांनीही ते सोडू नये.

माझं मत स्पष्ट आहे. एखादी वनस्पती हार्मोन खरोखर हलवत असेल तर ती औषध आहे. तिला औषधाची शिस्त लागते : कशासाठी, किती, किती दिवस, आधी काय मोजलं, नंतर कधी मोजायचं आणि कधी थांबवायचं. ती हार्मोन हलवत नसेल तर त्या नावानं पैसे घेणं ही फसवणूक आहे. ‘निसर्गाचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य या दोन्ही बाबतींत खोटं ठरतं. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 पासून कायदा आहे. आयुर्वेदिक औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय योजना 2018 पासून चालू आहे आणि तिचं समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. पण ज्यानं औषध घेतलं तोच गप्प बसला तर कायदा आणि योजना दोन्ही आंधळ्या राहतात.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. दवाखान्यात किंवा लॅबमध्ये जाताना घरातली प्रत्येक बाटली, डबा आणि पुडी पिशवीत घालून न्या. ‘आणखी काय घेता?’ असं विचारलं की ‘काही नाही’ म्हणू नका. आणि कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगा.